खानदेशात बसून सॉफ्टवेअरचं काम: लाईट आणि नेट सोडून बोलू

तापीकाठ

घरून काम करायचा विषय निघाला की गाडी लगेच लाईट आणि नेटवर घसरते. 'तुमच्याकडे नेट चालतं का हो?' हे पुण्याची मंडळी अशा सुरात विचारतात, जसं काही आम्ही सातपुड्यात मचाण बांधून कोड लिहितो. चालतं. यावल तालुक्यातल्या माझ्या गावात केबलवाल्याने घरापर्यंत फायबर आणून दिली आहे आणि मला तिचा वेग पुरून उरतो. तो प्रश्न आता बाजूला ठेवू.

मी बॅकएंडला आहे, म्हणजे सर्व्हरच्या बाजूचं, पडद्यामागचं काम. कंपनी पुण्याची, क्लायंट अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा. त्यांचा सकाळी दहाचा स्टँडअप (टीमची रोजची उभ्या-उभ्या घ्यायची छोटी मीटिंग) उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला येतो आणि हिवाळ्यात साडेआठला, कारण मार्चच्या दुसऱ्या रविवारी ते घड्याळ तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणतात. आई म्हणते, त्यांचं घड्याळ मागे गेलं तर आपलं जेवण पुढे का? याचं उत्तर माझ्याकडे नाही.

म्हणजे माझा दिवस उशिरा सुरू होतो आणि रात्री संपतो. सकाळी नऊला ओट्यावर दिसणारा माणूस गावाच्या हिशेबात मोकळा असतो. 'भो, तू घरीच हाये ना, जरा फैजपूरला चल, बँकेत फॉर्म भरायचाय.' रात्री दहाला मी कानाला हेडफोन लावून बसलेला असतो, ते कुणी बघायला येत नाही.

पण हेही चालून जातं. मला खटकतं ते दुसरंच. माझ्या टीममध्ये शिरपूरकडचा एक पोरगा कॉलेजमधून थेट घरूनच रुजू झाला. हुशार आहे. पण अडला की अर्धा दिवस अडूनच बसतो. मेसेज टाकला तर समोरच्याला त्रास होईल असं त्याला वाटतं. मी पुण्यात होतो तेव्हा बाजूच्या खुर्चीवरच्या सीनियरचा स्क्रीन मला फुकट दिसायचा. सर्व्हर बसला की तो आधी कोड उघडायचाच नाही. शेवटचं डिप्लॉय (नवा कोड सर्व्हरवर चढवणं) कधी झालं, डेटाबेसला विचारलेली कोणती क्वेरी लांबली, लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींत, पहिली चूक कुठल्या मिनिटाला आली, या क्रमाने तो बघत जायचा आणि मध्येच स्वतःशी पुटपुटायचा. मी शिकलो ते त्या पुटपुटण्यातून. व्हिडिओ कॉलवर माणूस उत्तर सापडल्यावर स्क्रीन दाखवतो, सापडण्याआधीचं चाचपडणं दाखवत नाही.

म्हणून माझं सरळ मत आहे: पहिली दोन-तीन वर्षं तरी घरून काम करू नये. आधी पुण्या-मुंबईत खुर्ची झिजवा, मग खुशाल तापीकाठी या. पटतंय का बोला.

भुसावळची_लेक

अर्धं पटलं.

तुम्हाला लोक बँकेत न्यायला येतात. माझ्याकडे पाहुणे थेट आत येऊन बसतात. मी जळगावात सासरी राहते, टेस्टिंगला आहे. सासूबाई चांगल्या आहेत, पण लॅपटॉपसमोर बसलेली सून आणि टीव्हीसमोर बसलेली सून यांतला फरक कळायला त्यांना बराच काळ लागला. आता त्या स्वतःच आल्या-गेलेल्याला सांगतात, 'तिची मीटिंग चाललीये.' दर वेळी मीटिंग नसते, पण मी ते दुरुस्त करत नाही.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई, खानदेशची देवी, बसते, सोमवारी विसर्जन. कंपनीच्या सुट्ट्यांच्या यादीत लाँग वीकेंड असतो, कानबाई नसते. आखाजीचंही (अक्षय्य तृतीया) तेच. ज्या सणाला सगळ्या मुली माहेरी येतात आणि दारात झोके बांधले जातात, त्या सणाला मी 'पर्सनल लीव्ह' टाकते. पुण्यातल्या मॅनेजरला वाटतं दर वर्षी याच दिवसांत हिच्या घरी काहीतरी खासगी अडचण येते.

आता 'आधी पुण्यात दोन-तीन वर्षं' याबद्दल. हा सल्ला ज्याला घरातून जाऊ देतात त्याच्यासाठी आहे. माझी पहिली नोकरी घरूनच होती. ती नसती तर एकही नसती, कारण लग्नाआधी एकटीने पुण्यात राहणं वडिलांना मान्य नव्हतं आणि लग्नानंतर प्रश्नच मिटला. खुर्चीचा मुद्दा मात्र खरा आहे. त्यावर मी एक उपाय काढला. नाशिकच्या एका सहकारणीबरोबर रोज दुपारी दोन तास कॉल चालू ठेवते. माईक बंद, स्क्रीन उघडा. कुणी कुणाला काही विचारत नाही. ती कुठे थांबते, काय पुसते, काय परत लिहिते ते दिसतं. तुमच्या शिरपूरच्या पोराबरोबर हे करून बघा. मेसेज टाकायला तो लाजत असेल, पण उघडा स्क्रीन बघायला कुणी लाजत नाही.

तापीकाठ

हे मला सुचलं नव्हतं, ताई. सोमवारपासून करतो. मॅनेजर याला 'वेळेचा अपव्यय' म्हणेल, त्याला सांगायचंच नाही.

बिबडी_वाळत_घातलीये

लाईट-नेट सोडा म्हणता, पण मे महिना कसा सोडायचा? भुसावळात पारा पंचेचाळिसावर गेला की माझा लॅपटॉपच रजा मागतो. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोचला की वितळू नये म्हणून आपला वेग आपणच उतरवतो. खोलीच तापलेली असेल तर पंखा गरम हवाच फेकणार. डिसेंबरात चहा टाकून येईपर्यंत होणारा बिल्ड (कोडमधून चालता प्रोग्राम तयार होणं) मे महिन्यात भाकरी थापून, खाऊन येईपर्यंत चालतो. कंपनीने 'उत्पादकता का घसरली' म्हणून विचारलं, मी हवामान खात्याचा अंदाज जोडून पाठवला.

केबल_टाय

बिबडी, लॅपटॉपखाली चार बुचं लाव आणि डेझर्ट कूलरचा झोत अंगावर घे, लॅपटॉपवर नको. तो झोत ओला असतो. आपल्याकडची उन्हाळी हवा कोरडी म्हणून कूलर चालतो तरी, कोकणातल्या लोकांना हे सुख नाही.

धागाकर्त्याने नको म्हटलंय तरी लाईटवर एकदाच लिहितो, कारण दर उन्हाळ्यात मला हेच फोन येतात. इन्व्हर्टरची १५० एएचची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १,८०० वॉट-तास. त्यातले हातात येतात साधारण दोन-तृतीयांश, बॅटरी जुनी असेल तर आणखी कमी. लॅपटॉप ६० वॉट, राउटर आणि फायबरची डबी मिळून १५, साधा छताचा पंखा ७० ते ७५. म्हणजे दीडशेचा भार, सात-आठ तास निघतात. त्यावर कूलर चढवला की वेळ निम्म्याहून खाली. पंखा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) घेतला तर तो तिशीत भागतो, हा खर्च बॅटरी बदलण्यापेक्षा स्वस्त.

आणि जे कुणी सांगत नाही ते: तुमच्या घरी इन्व्हर्टर असून नेट गेलं तर घोळ तुमच्याकडे नसतो. गल्लीच्या कोपऱ्यावर केबलवाल्याचा स्विच असतो, त्याची बॅटरी मेलेली असते. आमच्या गल्लीत चार घरांनी वर्गणी काढून ती बदलून दिली. तेव्हापासून लाईट गेलेली कॉलवर कुणाला कळत नाही. केळीचा ट्रक खांबावरची लोंबती फायबर ओढून नेतो त्याला इलाज नाही. त्या दिवशी मोबाइलचं हॉटस्पॉट.

एमएच_अठरा

मन्हा धाकला भाऊ बी हाईच काम करस. माय त्याले रोज इचारस, 'बठ्ठा दिन घरमा बठीसन काय करस रे तू?' तो सांगस, 'माय, बग काढी ऱ्हायनू.' माय म्हने, 'मंग घर झाडी काढ ना, आठे बी लई शेतस!'

(धुळ्याबाहेरच्यांसाठी: बग म्हणजे प्रोग्राममधली चूक, आणि इंग्रजीत किडाही. आई म्हणते, किडेच काढायचे तर आधी घर झाड.)

अमळनेरची_हवेली

पोरांनो, मी निवृत्त माणूस, कोड लिहीत नाही, पण हा धागा वाचून राहवलं नाही. सॉफ्टवेअर पुण्या-बंगळुरूचं आणि आपण तिथे जाऊन शिकायचं, हे तुम्ही गृहीतच धरलंय. विप्रो आमच्या अमळनेरची! २९ डिसेंबर १९४५ ला मोहम्मद प्रेमजींनी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स या नावाने कंपनी काढली आणि कारखाना अमळनेरला टाकला. आजूबाजूच्या शेतातली शेंग, तिचं तेल, त्याचं वनस्पती तूप. १९६६ ला वडील गेले म्हणून अझीम प्रेमजी स्टॅनफर्डचं शिक्षण अर्धवट टाकून आले तेव्हा एकवीस वर्षांचे होते. आयबीएम देशाबाहेर पडल्यावर मोकळ्या झालेल्या जागेत १९८० च्या सुमारास त्यांनी संगणकात हात घातला. बाकी तुम्हाला माहीत आहेच. त्या काळी ज्यांनी शेअर घेऊन पेटीत ठेवले आणि विकले नाहीत, अशी घरं अमळनेरात आहेत. त्यांनी बोनस शेअरांच्या बळावर पोरांची शिक्षणं केली, लग्नं केली.

आता गंमत बघा. तुपाची कंपनी अमळनेरात राहू शकली, कारण शेंग इथे होती. संगणकाची कंपनी बंगळुरूला गेली, कारण संगणकाला शेंग लागत नाही, माणसं लागतात. आणि आता तुम्ही म्हणता माणसं परत गावात आलीयेत, पण कंपनी पुण्याची, क्लायंट अमेरिकेचा, गावात फक्त तुमची खुर्ची. गावाला त्यातून काय मिळतंय? किराणा दुकानदाराचं उधार वेळेवर फिटतं, एवढंच ना?

पाटणादेवी_मार्गे

अवांतर: आमच्या चाळीसगाव तालुक्यात पाटणादेवीला जो शिलालेख आहे तो भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याचा आहे. भास्कराचार्य बाराव्या शतकातच शून्याने भागलेल्या राशीला 'खहर' म्हणून मोकळे झाले होते. माझा प्रोग्राम अजून तिथेच कोसळतो.

मोडकी_मात्रा

अमळनेरच्या काकांचा प्रश्न मला लागला, कारण मी या धाग्यात बहुतेक एकटाच आहे ज्याचा क्लायंट अमेरिकेत नाही, सावद्याला आहे.

मी कधी पुण्यात नोकरी केली नाही. केळीच्या व्यापाऱ्यांना, दोन-तीन डाळमिलांना आणि एका वजनकाटावाल्याला सॉफ्टवेअर करून देतो. शेतकऱ्याला दिलेली उचल, कापणी, घडांचं वजन, दांड्याची तूट, भाव, मजूर टोळीचे पैसे, गाडीभाडं, शेवटी पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या हिशेबाचा कागद. मृगबागेचा माल आणि कांदेबागेचा माल वेगळा, हे केळी लागवडीचे दोन हंगाम. बऱ्हाणपूरचा आजचा भाव काय निघाला यावर सगळ्यांची नजर. हे सगळं वर्षानुवर्षं लाल वहीत बिनचूक चाललेलं असतं. सॉफ्टवेअर त्या वहीपेक्षा वाईट निघालं तर मुनीमजी ते दुसऱ्या दिवशी बंद करतात, त्यासाठी त्यांना कंपन्यांसारखं तक्रारीचं तिकीट उघडावं लागत नाही.

एक नमुना सांगतो. गावनिहाय अहवालात 'कुऱ्हे' हे गाव तीनदा यायला लागलं. दिसायला तिन्ही नावं सारखी, एका खाली एक. एकाच शेतकऱ्याची उचल एका कुऱ्ह्यात आणि माल दुसऱ्या कुऱ्ह्यात, त्यामुळे पट्टीत उचल वळतीच होईना. कारण तो अर्धा र. काही कीबोर्ड ऱ हे एकच चिन्ह टाकतात. काही ठिकाणी र आणि खाली नुक्ता अशी दोन चिन्हं पडतात. आणि जुन्या पद्धतीने टंकणारे र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारा जोडक घालतात. डोळ्याला तिन्ही तेच, डेटाबेसला तीन वेगळी गावं. घाईत मोबाइलवर लिहिणारा मुलगा सरळ रफार देतो, ते चौथं, पण ते निदान डोळ्याला तरी दिसतं.

युनिकोडचं (संगणकातल्या अक्षरांचं जागतिक प्रमाण) प्रमाणीकरण लावलं, एनएफसी, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं. एआयला विचारलं तर त्यानेही पहिल्या झटक्यात हीच ओळ दिली. एनएफसीने पहिल्या दोन रूपांचं एक होतं. तिसरं तसंच राहतं, कारण युनिकोडच्या लेखी न दिसणारा जोडक असलेला मजकूर हा खरोखरच वेगळा मजकूर आहे. मग त्याच्यासाठी आपला वेगळा नियम: र, हलन्त, जोडक असा क्रम दिसला की त्या जागी ऱ आणि हलन्त. हे शोधताना मी स्क्रीनकडे बघत होतो आणि मुनीमजी माझ्या बाजूला बसून म्हणाले, 'जुन्या संगणकावरून जी यादी आणली ना, त्यातलीच नावं फुटतायत बघा.' तिसरं रूप फक्त त्या यादीतच होतं. मला ते आणखी दोन दिवस सापडलं नसतं.

एसएमएसचंही तसंच. इंग्रजी मेसेज १६० अक्षरांचा, मराठी ७० चा, त्याहून लांब गेला की ६७-६७ चे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्याचे पैसे लागतात. त्यात मात्रा, हलन्त सगळं वेगवेगळं मोजलं जातं. 'बऱ्हाणपूर' डोळ्याला पाच अक्षरं, यंत्राला नऊ. भाव कळवणारा मेसेज सत्तरीत बसवायला मी जितकी काटछाट केली तितकी एखादा चारोळीवालाही करणार नाही. आधी 'माननीय शेतकरी बंधू' गेलं, मग 'धन्यवाद' गेलं.

म्हणून तापीकाठभाऊ, बाजूची खुर्ची हवी हे मान्य, पण तिच्यावर सीनियरच हवा असं कुठे आहे? माझ्या बाजूला मुनीमजी असतात.

तापीकाठ

मात्रादादा, किस्सा एक नंबर. पण मुनीमजी तुम्हाला काय चुकलंय ते सांगतात, कोड कसा लिहावा ते सांगत नाहीत. तो ऱ चा नियम तुम्ही एका ठिकाणी लिहिलाय की जिथे जिथे नाव सेव्ह होतं तिथे तिथे चिकटवलाय? तो नीट चालतो का हे आपोआप तपासणारी टेस्ट आहे का? उद्या तुम्ही महिनाभर आजारी पडलात तर सावद्याच्या पट्ट्या कोण काढणार? हे प्रश्न सीनियर विचारतो. त्यासाठीच म्हणतो की आधी टीममध्ये काम करा.

मोडकी_मात्रा

टेस्ट नाहीत, खरंय. गिट (कोडच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन) आहे. आजारी पडलो तर लाल वही आहे, ती मी बंद करू दिलेली नाही. तुमच्या क्लायंटकडे आहे का लाल वही?

केबल_टाय

😂 बॅकअप असावा तर असा.

शेवटचं_वर्ष

दादा-ताई, मी धुळ्याला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. धागा पहिल्यापासून वाचला. आमच्याकडे कॅम्पसला आलेल्या कंपन्या हव्या तेवढ्या पोरांना घेऊन गेल्या नाहीत. सीनियर सांगतात पुण्यात जाऊन क्लास लाव, पीजीत राहा, मुलाखती दे. घरी दोन एकर कपाशी आहे, त्यात पुण्याचं भाडं आणि क्लासची फी बसत नाही. सर म्हणतात नुसता कोड आता एआय लिहितो, फ्रेशरला कोण घेणार. मग नेमकं करू काय? तापीकाठदादा म्हणतात पुण्यात जा, मात्रादादा म्हणतात मुनीमजीजवळ बस. मला जावा येते, थोडं पायथॉन. डेटाबेस बऱ्यापैकी.

भुसावळची_लेक

क्लासची फी भरू नकोस. 'नोकरीची हमी' असं लिहिलेलं असेल तर मुळीच नाही. आमच्या नात्यातल्या एकाने मोठी रक्कम भरली, हमी म्हणजे मुलाखतीला बसवायची हमी निघाली.

एआयचं सर म्हणतात ते अर्धवट आहे. मी टेस्टर आहे, मला त्याने लिहिलेला कोड रोज येतो. दिसायला नीटनेटका असतो. पण रक्कम उणे आली तर, एकाच नावाची दोन माणसं आली तर, नेट मध्येच तुटून तोच व्यवहार दोनदा आला तर, हे विचारायला कुणीतरी लागतंच. तू अशा प्रश्नांची सवय लाव. कोड कुणी का लिहिलेला असेना.

मोडकी_मात्रा

शेवटचं_वर्ष, जळगावला ये. दोन दालमिलांचं वजनकाट्याचं काम अंगावर आलंय, माझ्याच्याने होत नाही. काट्याचा इंडिकेटर केबलमधून आकडे सतत सोडत असतो. गाडी थांबून हेलकावे शांत होईपर्यंत आकडा नाचतो, आणि ड्रायव्हरला घाई असते. आकडा स्थिर झाला हे कधी धरायचं, दोन आकडे सारखे आले की पाच, मागचं चाक काट्याबाहेर राहिलंय हे कसं ओळखायचं, हे तिथे धुळीत उभं राहूनच कळतं. एआयला तो काटा दिसत नाही.

पगार आधीच सांगतो, पुण्याच्या निम्मा पण नाही. राहायचं-खायचं माझ्याकडे. हिवाळ्यात भरीत आणि कळण्याची भाकरी यावर कुठलीही कपात नाही.

एमएच_अठरा

मात्राभाऊ, पगार नही दिधा तरी चाली, भरीत ना पत्ता टाकी द्या.

शेवटचं_वर्ष

दादा, परीक्षा मे अखेर संपते. येतो. पण तापीकाठदादा म्हणतात तसं माझं लिहिलेलं कुणीच तपासणार नसेल तर वर्षभराने मुलाखतीत काय दाखवू, हीच भीती आहे.

तापीकाठ

मी तपासतो. सकाळी मोकळाच असतो, असं गावाचं म्हणणं आहेच. मात्रादादांची हरकत नसेल तर त्या गिटवर मला वाचायची परवानगी द्या, हिशेबाचा खरा डेटा मात्र त्यात नको. शेतकऱ्यांची नावं आणि उचलीचे आकडे मला दिसता कामा नयेत. पोराने पहिलं काम म्हणून त्या चारही कुऱ्ह्यांची टेस्ट लिहावी. पुल रिक्वेस्ट (तपासायला पाठवायचे बदल) छोटे पाठवायचे, दोनशे ओळींच्या वर गेला तर उघडणार नाही.

मोडकी_मात्रा

हरकत नाही. पण ते तुमचं रोजचं स्टँडअप वगैरे माझ्याकडे चालणार नाही. सकाळी नऊला मी बाजार समितीत असतो, तिथे सगळे उभेच असतात.